नमुना ताटातलं गाजर

मित्रांनो, माझं वय तेवीस वर्षं आहे आणि मी गाजर आहे. तेवीस वर्षांच्या गाजराला काय वास येत असेल, या विचारानं लगेच नाक मुरडू नका. मला वास नाही. चव नाही, रस नाही, जीवनसत्त्व तर औषधालाही नाही. मी प्लास्टरचा आहे. पण दिसायला अजून असा टवटवीत आहे, की बाजारातल्या खऱ्या गाजरांनी मला बघून लाजेनं पुन्हा मातीत शिरावं.

माझा जन्म एका साचेकाराच्या खोलीत झाला. हा माणूस दातांच्या डॉक्टरांना कवळ्यांचे साचे करून द्यायचा आणि कापडदुकानदारांना मुंडकं नसलेली माणसं. एक दिवस त्याच्याकडे वेगळीच मागणी आली. संतुलित आहाराचं एक ताट हवं होतं, शिकवायला. अट एकच, ते नासता कामा नये. त्यानं बाजारातून एक सरळसोट गाजर निवडून आणलं, त्याला तेल चोपडलं आणि त्याच्यावरून साचा घेतला. ते गाजर म्हणजे माझी आई. साचा सुटला आणि त्याच दुपारी साचेकाराच्या बायकोनं तिला किसलं. "चांगलं गाजर आहे, वाया कशाला घालवायचं?" असं म्हणून तिनं वर लिंबू पिळलं आणि पोरांना वाढलं. मी खिडकीत वाळत पडलो होतो. पोरांनी वाट्या चाटूनपुसून साफ केलेल्या मी पाहिल्या. आई जेमतेम तीन दिवस जगली, पण कुणाच्या तरी अंगी लागली. माझं मात्र सगळं आयुष्य अंगी न लागण्यात गेलं.

मला केशरी रंगाचे दोन हात दिले, देठाला हिरवा रंग, आणि वरून वार्निश. ताटात माझ्याबरोबर भाताची मूद होती, डाळीची वाटी होती, पालेभाजीचा एक गोळा, अर्धं उकडलेलं अंडं, संत्र्याच्या दोन फोडी आणि काठोकाठ पांढरा रंग भरलेला दुधाचा पेला. अर्ध्या अंड्याला आपल्या बलकाचा फार तोरा होता. बाकी मंडळी साधी.

आम्हांला एका मुलींच्या वसतिगृहात धाडलं. एकशे चाळीस मुली तिथं राहून शिवणकाम, टंकलेखन, रुग्णसेवा असं काहीबाही शिकत. त्यांना आहार शिकवायला एक बाई होत्या. सगळ्या त्यांना आहारताई म्हणत. उंचीनं कमी, आवाजानं मोठ्या. दर गुरुवारी त्या मला देठाला धरून वर उचलत आणि विचारत, "हे काय आहे?"

"गाजर!" एकशे चाळीस गळे एकदम ओरडत.

"कशासाठी?"

"डोळ्यांसाठी!"

मित्रांनो, आपलं नाव एवढ्या मोठ्यानं घेतलं गेलं की प्लास्टरलाही बरं वाटतं. पण आहारताई मला फार चढू देत नसत. लगेच म्हणत, "एकट्या गाजरानं काही होत नाही गं. ताट म्हणजे घर. भातानं ताकद येते, डाळीनं नि अंड्यानं अंग भरतं, पालेभाजी रक्ताला, संत्रं हिरड्यांना, दूध हाडांना. यातला एक रुसून बसला तर बाकीचे कितीही राबोत, घर चालत नाही. आणि गोळ्यांनी घर चालवता येत नाही. गोळी म्हणजे पाहुणा. आजारपणात येऊन मदत करून गेला तर उपकार, पण रोज पाहुण्याच्या जिवावर कोण जेवतं?"

वर्ग संपला की त्या थेट स्वयंपाकघरात जात आणि पातेल्यात पळी बुडवून बघत. पळीला पालेभाजी लागली नाही तर सगळं वसतिगृह त्यांचा आवाज ऐके. त्या काळात मी ताटात खोटा होतो, पण मुलींच्या ताटात माझे भाऊबंद खरे होते. माझी खरी कमाई तेवढीच.

मग आहारताईंची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. वर असं ठरलं, की नमुन्याचं ताट आहे, भिंतीवर तक्ता आहे, मग वेगळी बाई कशाला? म्हणजे त्यांची जागा आम्हीच घेतली म्हणा ना. आम्हांला कपाटात ठेवलं आणि आम्ही तिथून शिकवू लागलो.

कपाटात चार वर्षं गेली. मग आमची बढती झाली. ती कशी, ते सांगतो.

वसतिगृहाचा एक नियम होता. रोजच्या जेवणाचं एक ताट वाढून भोजनगृहाच्या दाराशी टेबलावर ठेवायचं, जाळीखाली झाकून. नमुना ताट. तपासायला कुणी आलं तर मुलींना आज काय वाढलं ते त्याला एका नजरेत दिसावं. नियम चांगलाच होता. एकदा तपासनीस साहेब दुपारी बाराला यायचे ते चारला आले. तोवर भाताला पोपडा आला होता, डाळीवर साय धरली होती आणि पालेभाजी कशी दिसत होती ते सांगत नाही. साहेबांनी शेरा मारला, "ताट अनाकर्षक." अधीक्षकबाईंना दोन दिवस अन्न गेलं नाही. बाई वाईट नव्हत्या. कचेरीतली टाचणीसुद्धा कधी घरी न्यायच्या नाहीत. पण शेरा त्यांना लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं.

पुढच्या खेपेचा शेरा असा: "ताट उत्तम. संतुलित."

त्यानंतर कुणी काही वाईट केलं, असं मी म्हणणार नाही. एका आठवड्यात भाजीवाल्याची गाडी आली नाही. नमुना ताटात पालेभाजी होतीच, आणि रोज सकाळी ताट बघून वहीत बाईंची सही पडायची. सही झाली. मग अंडी महाग झाली म्हणून थोडे दिवस थांबवली. ताटात अंडं होतंच. सही झाली. संत्री गेली, दूध पांढऱ्या पाण्यावर आलं, डाळीतून डाळ गेली. कुणी ठरवून केलं नाही. जे ताटात दिसतंय ते पातेल्यात कशाला शोधायचं, एवढंच. शेवटी दोन वेळ भात आणि बटाट्याचा पातळ रस्सा उरला. आम्ही मात्र रोज तेवढेच ताजे.

मुली रांगेनं माझ्यासमोरून जात. कुणाच्या ओठांचे कोपरे फाटलेले, कुणाच्या हिरड्यांतून रक्त, कुणाचे केस फणीत. त्या मला ओळखत होत्या. मी काय आहे ते वसतिगृहात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. एकदा कुणीतरी दयाळू माणसानं जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा मोठा डबा पाठवला. बाईंनी तो कुलपात ठेवला. उगाच संपायला नकोत. गोळ्या इतक्या जपून वापरल्या, की एकही न वापरता त्यांची मुदत संपली.

आता काकांकडे येतो. ही हकिगत खरं म्हणजे त्यांचीच आहे.

काका रात्रीचे पहारेकरी. फाटकाजवळच्या एका खोलीत राहत. बायको जाऊन वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. नोकरी गेली की खोलीही जाणार, असा त्यांचा संसार. मुली त्यांना घुबडकाका म्हणत, कारण अंधारात त्यांना दिसे तेवढं इतरांना उजेडात दिसत नसे. काळोखातल्या कुंपणावरून मांजर गेली तर ती कुणाची, तेही ते सांगत. त्यांचं स्टूल माझ्या टेबलाला लागून. संध्याकाळी यायचं, भात-रस्सा जेवायचं, स्टुलावर बसायचं, आणि ताट टाकणाऱ्या मुलींवर ओरडायचं.

"ए, भात टाकू नकोस! अन्न आहे ते!"

"काका, तुम्हीच खाऊन बघा ना."

"मी दहा वर्षं तेच खातोय. मेलो का?"

मात्र काका आहारताई गेल्यानंतर नोकरीला लागले, त्यांचा वर्ग त्यांनी कधी पाहिला नव्हता. शिवाय दिवसा ते झोपलेले असत. त्यामुळे अख्ख्या वसतिगृहात मी खरा आहे असं मानणारा माणूस एकच होता. त्यांची समजूत अशी, की हे बाईंचं जेवण. मोठ्या माणसांचं काहीतरी पथ्य असतं, म्हणून रोज तेच ताट आणि रोज तेवढंच. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं, "काका, या ताटाला कुणाचा हात लागता कामा नये." ते त्यांनी शब्दशः पाळलं. चौदा वर्षं त्यांनी माझी राखण केली.

एका संध्याकाळी काकांनी पाण्याच्या पिंपाला सलाम ठोकला.

स्वयंपाकाच्या मावशी दारात ताटं पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. "कोण आलंय काका?"

"हे काय, साहेब उभे आहेत."

"पिंप आहे ते."

"ठाऊक आहे मला. गंमत केली."

"काका, दिवेलागणीला तुम्ही भिंत चाचपत येता. आठ दिवस बघतेय. परवा खुंटीवरच्या ओल्या चादरीला म्हणालात, 'पोरी, आत जा, थंडी आहे.'"

काका स्टुलावर टेकले. मग हळूच म्हणाले, "मावशी, दिवसा सगळं दिसतं हो. सूर्य खाली गेला की कुणी डोळ्यांवर घोंगडं टाकल्यासारखं होतं. आणि आत वाळू गेल्यागत टोचतं. कुणाला सांगू नका. रात्रीचा पहारेकरी आणि रात्री दिसत नाही म्हटल्यावर मला कोण ठेवेल?"

मावशींनी कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या सकाळी त्यांचा दंड धरून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं काय झालं ते दोघांनी परत येऊन माझ्याच टेबलाशी बसून तीनदा उगाळलं, म्हणून मला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "सकाळी काय खाता?"

"चहा."

"दुपारी?"

"भात-रस्सा."

"रात्री?"

"तोच. गार."

"किती वर्षं?"

"दहा. पण ताकद आहे साहेब अजून."

डॉक्टर म्हणाले, हा रातांधळेपणा आहे, 'अ' जीवनसत्त्व पोटात जात नाही म्हणून. अजून वेळ गेलेली नाही. औषधाचा डोस आधी हवा, मी सांगेन तेवढाच. जास्त घेतला तर तोही बाधतो. आणि मग रोजच्या जेवणात हिरवं-पिवळं. पालेभाजी, गाजर, लाल भोपळा, पपई, जमलं तर अंडं, दूध. महिनाभरात फरक पडेल. पण हयगय केलीत तर डोळा कोरडा पडून नासेल, आणि मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही.

"मग द्या ना डोस," मावशी म्हणाल्या.

हा डोस दुकानात मिळत नव्हता. तो सरकारी कपाटात होता, आणि ते कपाट किल्लीनं उघडत नसे, कागदानं उघडे. संस्थेत जेवणारा माणूस असेल तर संस्थेनं सही करायची: "याच्या आहारात उणीव आहे." एवढी एक ओळ. डॉक्टरांनी छापील दाखला हातात दिला. मधल्या काळात तरी भाजी खा, असं बजावलं. काकांनी येताना गाजरांची जुडी घेतलीही. पण फाटकाशी आल्यावर त्यांना आठवलं, बाहेरचं खाणं आत आणायला बंदी आहे. मुलींच्या पिशव्यांतून चिंचा-बोरं काढून घ्यायचं काम चौदा वर्षं तेच करत होते. काकांनी काकांची पिशवी तपासली आणि जुडी जप्त केली.

"अहो, तुम्हीच पहारेकरी ना? कोण बघतंय?" मावशींनी कपाळावर हात मारला.

"मीच बघतोय की," काका म्हणाले.

जुडी नियमाप्रमाणे फाटकाबाहेरच्या गाईला गेली. गाईचे डोळे उत्तम होते.

काका दाखला घेऊन बाईंकडे गेले. कचेरीचं दार माझ्या समोरच.

बाईंनी दोनदा वाचला. "काका, यावर मी सही कशी करू?"

"एकच सही आहे, बाई."

"उणीव आहे असं लिहायचं म्हणजे... ते बघा. ताटात गाजर आहे, पालेभाजी आहे, अंडं आहे. चौदा वर्षांचे शेरे आहेत माझ्याकडे. मी खोटं कसं लिहू?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दिवसाउजेडी, स्पष्ट. "तुमच्या ताटात आहे बाई. माझ्या कुठं आहे?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना वाटलं, हा साधासुधा दिसणारा माणूस आपल्याला चिमटा काढतोय. काकांना वाटलं, आपण बाईंच्या घासावर डोळा ठेवला म्हणून त्यांना राग आला. दोघंही एकमेकांची माफी मागून उठले. दाखला कोरा राहिला.

त्या संध्याकाळी टंकलेखनाच्या वर्गातली एक मुलगी पुढे सरसावली. काका भिंतीकडे वळले की ती मोठ्यानं खोकायची, पायरी आली की दोनदा. ती म्हणाली, "काका, येत्या मंगळवारी तपासनीस साहेब येणार. त्यांना सांगा. बाईंच्या वरचे आहेत ते. सही करतील."

"साहेबांशी बोलू?"

"मग काय पिंपाशीच बोलणार?"

काका हसले. बऱ्याच दिवसांनी. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. बाईंनी त्यांना केव्हाच सांगून ठेवलं होतं, ताटाबद्दल ब्र बाहेर गेला तर पहिली घरी जाईल ती ताट मांडणारी. ताट मावशी मांडत.

मंगळवारी साहेबांची गाडी वाटेत बंद पडली. ते पोहोचले तेव्हा दिवे लागत होते. बाई, मावशी, जेवायला रांगेत उभ्या मुली, सगळे दाराशी. काका अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून स्टुलापाशी ताठ उभे होते. साहेबांचा आवाज आला त्या दिशेला त्यांनी दाखला पुढे केला. दिशा थोडी चुकली. मुलीनं कोपराला हळूच धक्का देऊन ती सुधारली.

"काय आहे हे?" साहेबांनी कागद चष्म्याजवळ धरला. साहेब मनमिळाऊ होते. जिथं जातील तिथं चार लोकांत एक चांगलं वाक्य बोलून जाण्याची त्यांना हौस होती. "रातांधळेपणा? गाजर खा म्हणालेत डॉक्टर? अहो काका, मग एवढी काळजी कसली? गाजर तर इथं समोर आहे!"

त्यांनी जाळी उचलली. "हे घ्या. आजपासून रोज एक. मी सांगतोय म्हणून."

आणि त्यांनी मला उचललं.

मित्रांनो, गाजराचं वजन किती असतं ते माणसाच्या हाताला ठाऊक असतं. साहेबांच्या बोटांना मी कळलो. बोटं थबकली. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई जमिनीकडे पाहत होत्या. "अरे, हे तर खोटं आहे" एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. पण चांगलं वाक्य तोंडातून निघून गेलं होतं, सगळ्यांनी ते ऐकलं होतं, आणि काकांचे दोन्ही हात ओंजळ करून पुढे आले होते.

साहेबांनी मला त्या ओंजळीत ठेवलं.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, एवढं..." असं काहीसं ते म्हणाले. चौदा वर्षं ज्याला हात लावला नाही तो घास साहेबांनी स्वतःच्या हातानं दिला होता. नंतर खातो म्हणणं शोभलं नसतं. त्यांनी मला तोंडाशी नेलं आणि मनापासून चावलं.

आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यातला अर्धा माझा होता, अर्धा त्यांच्या दाढेचा.

मावशींच्या हातातलं ताट पडलं. काका निश्चल उभे राहिले. जिभेवर खडू आणि रक्त. त्यांना सगळं समजलं असणार. चौदा वर्षांचं एकदम. मी त्यांच्या तोंडात होतो, मला माहीत आहे, त्या तोंडात शिवी येऊन गेली. मग ते जबडा हलवू लागले. हळूहळू, कुरकुर आवाज करत, त्यांनी माझं टोक चावलं. गिळलं. सदऱ्याच्या बाहीनं ओठ पुसले.

"गोड आहे, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी वहीत लिहिलं. नंतर बाईंनी ते शिरस्त्याप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा मी ऐकलं: "पहारेकऱ्यास समक्ष गाजर दिले. त्याने ते खाऊन गोड असल्याचे सांगितले. ताट संतुलित. आहारात उणीव नाही. सबब दृष्टिदोष वयोमानाने आलेला दिसतो. विश्रांती द्यावी."

झालं. आहारात उणीव नाही म्हटल्यावर आजार आहाराचा नव्हता. आजार आहाराचा नव्हता म्हणून डोस मिळणार नव्हता. डॉक्टर दोनदा स्वतः वसतिगृहात आले, कचेरीत आवाज चढवून गेले. पण कागदावर काका साहेबांच्या देखत गाजर खाऊन मोकळे झाले होते, आणि कपाट कागदाचंच ऐकत होतं. विश्रांती म्हणजे नोकरीतून सुट्टी. खोली पंधरा दिवसांत रिकामी करायची.

मावशींनी त्यांना विचारलं, "थुंकून का नाही टाकलंत? तिथल्या तिथं सगळं उघडं पडलं असतं."

काका दाढ दाबत म्हणाले, "मनात आलं होतं. पण तुमचं ताट पडल्याचं ऐकलं. तुमची नोकरी गेली असती. आणि पोरी उभ्या होत्या समोर. रोज त्यांच्यावर ओरडतो, अन्न टाकू नका म्हणून."

"अन्न होतं का ते?"

"त्यांना काय ठाऊक?" काका म्हणाले.

मावशींनी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. मुलींना पहिल्यापासून ठाऊक होतं. चौदा वर्षं ठाऊक नव्हतं ते फक्त काकांनाच.

काकांची लेक त्यांना न्यायला आली तेव्हा दुपार होती. काका गाठोडं घेऊन गेले. महिन्याभरानं मावशींना तिचा फोन आला. तिथल्या दवाखान्यात डोस मिळाला, कागद न मागता. ती रोज भोपळा, पालेभाजी, अंडं भरवते. पण डाव्या बुबुळावर पांढरं फूल पडलंय, ते आता जायचं नाही. उजव्याचं डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. मावशींनी हे सांगितलं ते टंकलेखनवाल्या मुलीला, माझ्या टेबलाशी उभं राहून. तिच्याही ओठांचे कोपरे फाटलेले होते.

मला फेकून दिलं असेल असं तुम्हांला वाटेल. नाही. मोडकी बाजू पालेभाजीखाली सरकवली, तुटल्या कडेला थोडा केशरी रंग लावला. जाळीतून कळत नाही. नवा पहारेकरी आलाय, पंचविशीचा, दणकट. त्याला मी खोटा आहे ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय. तो हसला, आणि भात-रस्सा घेऊन स्टुलावर बसला.

मित्रांनो, मी तुम्हांला काय उपदेश करणार? माझ्याकडे बघून आजवर कुणाचे डोळे सुधारले नाहीत. तरी विनंती करतो. खरं गाजर मातीचं असतं, जरा वाकडं असतं, धुवावं लागतं, चार दिवसांत सुकतं. पालेभाजी निवडायला वेळ लागतो, संत्रं सोलावं लागतं, दूध नासतं. जे नासतं तेच अंगी लागतं, हे ध्यानात ठेवा आणि नासायच्या आधी खा, सगळ्यांनी मिळून, थोडं थोडं सगळंच. आणि कुणी तुम्हांला फार सुंदर ताट दाखवलं तर शेरा वाचू नका. बोटानं दाबून बघा. आणि ते तुमच्या शेजाऱ्याच्या हातात जात असेल, तर चांगलं वाक्य मोडलं तरी चालेल, पण बोला.

मी सांगतोय खरा, पण ऐकणार कोण? जेवणाची घंटा झाली आहे. मुली रांगेनं येत आहेत. त्यांच्या पातेल्यात काय आहे, ते मला इथून दिसतं. माझ्यावर आजची सही सकाळीच झाली आहे.